होल्डवरचा रस्सा

माझ्यावर चोरीचा आळ आयुष्यात एकदाच आला, आणि तोही रश्श्याच्या चोरीचा. आळ घेतला सालुदनं, ला पाझच्या बाजारात, भर सकाळी. मासेवाल्या, भाजीवाल्या, खाटीक, सगळे हातातली कामं सोडून ऐकत होते. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तिला अजून नीट दिसत नव्हतं, पण माझ्यावर रोखलेलं बोट तसूभरही चुकलं नाही.

"बोर्डावर बसून साऱ्या इलोइलोच्या गोष्टी पोटात ठेवल्या म्हणे हिनं!" ती ओरडली. "आणि माझी एक गोष्ट नाही ठेवता आली!"

तिला जिथं दुखवायचं होतं तिथंच तिनं मारलं. कारण मी खरोखरच बोर्डावर बसत होते. लग्नाआधीपासून मी इलोइलो शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होते. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि दोन्ही हातांत वायरी. अजूनही डोळे मिटले की ते दिवे लुकलुकतात. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं जहाज बुडालं, कुठल्या वकिलाची बायको माहेरी गेली, सगळं आमच्या कानांवरून जाई. आमची सुपरवायझर मिस अर्सेनास एकच धडा शिकवायची: कानावर आलं तर येऊ दे, ओठांवर आलं की नोकरी गेली. बाहेर कुणी खोदून विचारलंच, तर आम्ही सगळ्याजणी ठरलेलं उत्तर द्यायचो, "काही कळलं नाही हो, खरखर फार होती." हे उत्तर देण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि सालुद? सालुद त्याच्या अगदी उलट. त्या काळी फोन मिळायला वर्षानुवर्षं लागत आणि मिळाला तरी अर्धा मिळे, म्हणजे एक लाइन आणि दोन घरं. आमच्या लाइनीचं दुसरं घर सालुदचं होतं. मी तेरोयशी, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याशी, बोलत असले की मध्येच तिचा श्वास ऐकू यायचा. "मानांग, ताई ना माझी, ठेव बरं," असं म्हटलं की टक्‌ असा आवाज व्हायचा आणि लाइन मोकळी व्हायची. एकदा मी तेरोयवर रुसून फोन आदळायच्या बेतात होते, तर मधूनच तिचा आवाज आला, "अगं, कर ना माफ त्याला! बिचारा केव्हाचा गयावया करतोय, माझेच पाय दुखायला लागले उभं राहून!" तिघंही हसत सुटलो. तेरोयशी माझं लग्न झालं त्यात तिचाही वाटा आहे. पुढे तेरोय गेला, तिचा नवरा गेला, लाइन गेली, एक्स्चेंज गेलं. मी आणि ती राहिलो. चर्चमध्ये एका बाकावर, बाजारात एका गाळ्याच्या आतबाहेर.

त्या टक्‌वर मात्र आमच्या पिढीचा फार भरवसा. टक्‌ झालं की तिसरा कान गेला, आता मनातलं बोलायला हरकत नाही, ही सवय हाडात मुरलेली. पुढचं सगळं रामायण त्या सवयीनंच घडवलं.

सालुदचा बातचोयचा गाळा तिच्या आईपासूनचा. नूडल्स, मांसाचे काप, कलेजी, वरून तळलेल्या कातडीचा चुरा आणि नळीतला मगज. हे सगळं कोणीही करतं. खरी गोष्ट रश्श्यात असते. तिच्या आईचा रस्सा कसा होतो हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. एक मुलगी मनिलात, एक दुबईत, त्यांनाही नाही. "मी मरेन तेव्हा विचारा," म्हणायची. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, मुलीनं मनिलात ऑपरेशन ठरवलं, आणि मरायच्या आधीच कुणाला तरी सांगायची पाळी आली. पातेलं बंद ठेवणं शक्य नव्हतं. गावाची जत्रा तोंडावर आली होती, आणि जत्रेत सालुदचा गाळा बंद म्हणजे लोकांनी तिची मयतच गृहीत धरली असती.

तिनं मला घरी बोलावलं. स्वयंपाकघराचं दार लावलं. पिंजऱ्यातल्या पोपटावर टॉवेल टाकला.

"त्याला कशाला गं?" मी म्हटलं.

"तो मेला उद्या साऱ्या गल्लीत ओरडत सुटेल. तू गप्प बस."

एवढं सगळं केलं, आणि फोन मात्र टेबलावर तसाच होता, स्पीकर चालू. गाळ्यावरचं इंटरनेट बंद पडलं होतं. हल्ली गिऱ्हाइकं नोटा काढतच नाहीत, फोन दाखवून पैसे देतात. इंटरनेट नाही तर धंदा नाही. म्हणून ती सकाळपासून सिनाग नेट कंपनीला फोन लावत होती. शेवटी लागला. आधी मशीनमधली बाई म्हणाली की हा कॉल गुणवत्ता आणि प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केला जाऊ शकतो.

"कर बाई, खुशाल कर," सालुद म्हणाली. "माझी तक्रार तेवढी जपून ठेव."

मग खरी मुलगी आली. तक्रार ऐकून घेतली, "मॅम, थोडं थांबाल का," म्हणाली. टक्‌ झालं, आणि डब्यात वाजवल्यासारखी गिटार सुरू झाली.

"गेली," सालुद समाधानानं म्हणाली. "आता मोकळं. बस इथं आणि नीट ऐक."

आणि तिनं मला रस्सा सांगितला. काय भाजायचं, कशात भाजायचं, कधी घालायचं, काय चुकूनही घालायचं नाही. ते मी इथं लिहिणार नाही. एकच सांगते, कारण ते आता सगळ्यांना माहीतच झालंय. अगदी शेवटी रस्सा वर चढायला लागला की झाकण काढायचं आणि पातेल्याला दटावायचं, "गप्प! पाद्री आलेत!" तिची आई पोरांना असंच गप्प करायची.

"हे म्हटल्याशिवाय होत नाही का?" मी विचारलं.

"होतो की. पण माझ्या आईचा होत नाही."

बाहेर कोंबडीवाल्याची गाडी भोंगा वाजवत आली, तशी मी खिडकी लावायला उठले. परत बसले तोवर गिटार थांबून ती मुलगी आली होती. इंटरनेट उद्या चालू होईल म्हणाली. आश्चर्य म्हणजे ते झालंही.

सालुद मनिलाला गेली. मी पातेलं सांभाळलं. पाद्री रोज आले, रस्सा रोज गप्प बसला, एकाही गिऱ्हाइकानं नाक मुरडलं नाही. लावलेल्या दाराआड करायचे, भिंतीवरच्या तेरोयच्या फोटोलासुद्धा काही बोलले नाही.

आणि मग समोरच्या गाळ्यावर, देल्फिनच्या गाळ्यावर, रांग लागायला लागली. देल्फिनचा रस्सा वाईट कधीच नव्हता. त्याच्या आईपासून गोडसर, काहींना आवडायचा. मला वाटलं, जत्रेची गर्दी आहे. मी तिकडे गेलेही नाही.

सालुद परतली त्या दिवशी जीपनीतून उतरता उतरताच ती थबकली. डोळ्यांवर काळा चष्मा होता, पण नाकावर काही नव्हतं. हवा हुंगत ती सरळ चालत गेली, आणि आपल्या गाळ्यावर न जाता देल्फिनच्या गाळ्यापुढे जाऊन उभी राहिली.

पुढचं तुम्हाला सांगितलंच. बोट, बोर्ड आणि बाजार.

"मानांग, शपथ घेते हवी तर," मी म्हणत होते. "मी कुणाला—"

"जगात दोन माणसांना माहीत होतं, पुरिंग. एक मी. मी तर डोळ्यांवर पट्टी बांधून मनिलात पडले होते. किल्ल्या ठेव इथं."

मी गाळ्याच्या किल्ल्या ठेवल्या. त्या संध्याकाळी चर्चमध्ये ती दुसऱ्या बाकावर बसली. माझ्याकडे पाहून खाटकाची बायको शेजारणीच्या कानाला लागली. घर, पैसा, मुलंबाळं यांचं मी कधी फार मनावर घेतलं नाही. पण सालुद, आणि हिच्या पोटात गोष्ट राहते हे माझं नाव, याशिवाय म्हातारपणी माझ्यापाशी होतं काय? तेच एका वाफेबरोबर उडून गेलं.

रडून झालं. मग मला राग आला. खरं सांगते, त्या वयात अंगात अशी वीज शिरेल असं मला वाटलं नव्हतं. मी चोर नाही, म्हणजे चोर दुसरा कुणीतरी आहे, आणि तो त्या समोरच्या पातेल्यापाशी आहे. सकाळी उठले, ठेवणीतला झगा घातला, लिपस्टिक लावली आणि देल्फिनच्या गाळ्यावर जाऊन बसले.

"लोला पुरिंग! आमच्याकडे कशी वाट चुकलात?" देल्फिन म्हणाला. तो साठीतला, पोट सुटलेला, एकेकाळी वॉर्डाचा कागावाद, म्हणजे नगरसेवक, होता; निवडणूक हरला तरी रुबाब गेला नाही.

"लोला असेल तुझी आजी. एक वाडगा दे."

एक घोट घेतला आणि हातातला चमचा खाली ठेवला. सालुदचा रस्सा. तोच, डोळे मिटून ओळखावा असा. मी काही म्हणणार, तेवढ्यात पातेल्यापाशी उभी असलेली मुलगी, देल्फिनची भाची जॉयलिन, झाकण काढून पातेल्याला म्हणाली, "गप्प! पाद्री आलेत!"

मी वाडगा बाजूला सारला.

"इंदाय, बाळ," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "हे काय म्हणालीस गं?"

"ते होय? गंमत आहे, लोला." ती हसायला लागली. "आमच्या ऑफिसात सगळेच म्हणतात. कुणी फार बडबड करायला लागलं की, गप्प, पाद्री आलेत!"

"कुठलं ऑफिस?"

"सिनाग नेट. मी कॉल सेंटरला लागलेय ना, ट्रेनिंग चालू आहे. त्यात खरे कॉल ऐकवतात. गिऱ्हाइकाला फार वेळ ताटकळत ठेवू नये, या धड्याला एक कॉल आहे. त्यात एक लोला होल्डवर असताना कुणाला तरी स्वयंपाक शिकवते. इतकी गोड आहे ना! प्रत्येक बॅचला ऐकवतात, ती आमची पातेलंवाली लोला. मी मामाला गंमत म्हणून सांगितलं, मामानं करून बघितलं..." ती एकदम थांबली. "पण हे बाहेर सांगायचं नाही हं. आम्हाला सक्त ताकीद आहे."

"होल्डवर?" मी म्हटलं. "गिटार वाजत असताना?"

"हो. गिटार आपल्याला ऐकू येते, लोला. रेकॉर्डिंग मागे चालूच असतं."

टक्‌. एवढ्या वर्षांत मी त्या आवाजाला इतकं कधी घाबरले नव्हते. म्हणजे टक्‌ झालं तरी कान गेलाच नव्हता! पोपटावर टॉवेल टाकला, आणि आख्खी कंपनी टेबलावर बसून ऐकत होती!

देल्फिन वाडगी पुसायचा थांबला होता. "मानांग पुरिंग, त्या लोलाचा आवाज कुणाचा वाटतो तुम्हाला?"

मी काही सांगितलं असतं तर सालुदनं ऐकलं नसतं. ती माझ्याशी बोलतच नव्हती. तिला इथं आणायची कशी? मग सुचलं. मी बाकावर उभी राहिले, समोरच्या गाळ्याकडे तोंड केलं आणि एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलला लावायचे तसा आवाज लावला,

"मानांग सालुद! तुझ्या रश्श्याला आज मीठच नाही!"

सगळा बाजार वळून बघू लागला. मग तिकडून गर्जना आली.

"कोण म्हणतं मीठ नाही? जीभ झडली का गं तुझी? माझ्या आईच्या पातेल्याला नावं ठेवायला तुला लाज नाही वाटत? थांब, आलेच मी, डाव घेऊनच येते!"

इकडे जॉयलिनच्या हातातला डाव पातेल्यात पडला, तो बुडाला, तिला पत्ता नाही. ती दोन्ही हात गालांवर ठेवून किंचाळली, "हाच! हाच तो आवाज! मामा, पातेलंवाली लोला! ती खरी आहे!"

सालुद तोवर डाव घेऊन येऊन पोचली होती. "काय खरी आहे? कोण लोला? पोरी, ओरडतेस कशाला?"

"लोला, एकदा म्हणा ना," जॉयलिन हात जोडून म्हणाली, "गप्प, पाद्री आलेत!"

सालुदचा डाव हवेतच राहिला. तिनं जॉयलिनकडे पाहिलं, देल्फिनकडे पाहिलं, मग सावकाश माझ्याकडे. सगळं सांगून झालं तोवर तिचा चेहरा इतक्या वेळा बदलला की मला भीती वाटली, हिचे नवे डोळे निसटून पडतील. माफी वगैरे ती मागेल असं वाटलं नव्हतं आणि तिनं मागितलीही नाही. फक्त म्हणाली, "पुरिंग, पिशवी घे तुझी. जायचंय."

"कुठं?"

"माझ्या स्वयंपाकघरात लोक शिरलेत. बाहेर काढायला."

देल्फिननं एप्रन सोडला. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. "मानांग, मला खरंच माहीत नव्हतं तुमचा आहे म्हणून. मी येतो. कागावाद होतो तेव्हा हे कायदे मी पाठ केलेत. फोन रेकॉर्ड करायचा तर सांगावं लागतं, कशासाठी ते सांगावं लागतं, आणि ज्याचा आवाज त्यानं मागितला तर द्यावा लागतो. पुसायचा म्हटला तर पुसावा लागतो."

"हे सगळं पाठ होतं, आणि रस्सा तेवढा उचलताना आठवलं नाही?" सालुद म्हणाली. "चल. पण तोंड तू चालव, नाक नाही."

जॉयलिनला तिनं तिथंच थांबवलं. "तू यायचं नाहीस इंदाय. तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही."

आम्ही तिघं निघणार होतो. पण बाजारात एवढं सगळं झाल्यावर तिघंच कसे जाणार? जीपनीत चढून बघते तर खाटकाची बायको आधीच बसलेली, मासेवाल्या टोपल्या सोडून आलेल्या, आणि बातचोयचे उरलेले सगळे गाळेवाले एकमेकांच्या मांडीवर. ड्रायव्हर विचारत होता, "लग्न आहे का कुठं?" "हो," देल्फिन म्हणाला, "कंपनीचं लावायचंय." साऱ्या वाटेनं हसणं, ओरडणं, पुलावर गाडी उसळली की किंकाळ्या. जत्रेला निघाल्यासारखे निघालो आम्ही. मला तर तरुणपणी संपाच्या दिवशी एक्स्चेंजमधून सगळ्याजणी बाहेर पडलो होतो तो दिवस आठवला.

कंपनीचं ऑफिस काचेचं, आत एवढा गारठा की मासेवाल्यांनी एप्रन, रुमाल काय मिळेल ते गुंडाळलं. मॅनेजर तरुण होता, रेनान नाव. एवढा जमाव बघून तो गडबडून उठला, पण पोरगा नम्र होता.

"मॅम, कॉलच्या सुरुवातीलाच आम्ही सांगतो, रेकॉर्ड होईल म्हणून."

"सांगितलंत," सालुद म्हणाली. "आणि मी हो म्हटलं. तक्रारीला हो म्हटलं, बाळा. माझ्या आईच्या पातेल्याला नाही. तुमच्या मुलीनं मला थांबा म्हटलं, टक्‌ केलं आणि गेली. दुकानदार शटर ओढून गेला, तर मी शटरबाहेर काय बोलते ते ऐकायचा त्याला काय हक्क?"

"आणि ट्रेनिंग म्हणता," देल्फिन पुढे सरसावला, "तर फोनवर कसं बोलावं याचं ट्रेनिंग, की रस्सा कसा करावा याचं?"

मागून मासेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

रेनाननं कपाळ पुसलं. "तुम्हाला हे... ट्रेनिंगमध्ये वापरलं हे कुणी सांगितलं, मॅम?"

"माझ्या नाकानं."

तो थोडा वेळ संगणकात डोकं घालून बसला, दोघांना फोन केले, आणि मग म्हणाला, "मॅम, तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुम्हाला ते मिळायला हवं आणि इथून पुसलं जायला हवं. पण ट्रेनिंगच्या कॉलवर गिऱ्हाइकाचं नाव नसतं. यातला कुठला तुमचा, हे तुम्हालाच ऐकून सांगावं लागेल. लावतो."

आणि त्यानं टेबलावरच्या स्पीकरकडे हात नेला.

मी मागं वळून पाहिलं. ला पाझच्या बाजारातले सगळे बातचोयवाले माना पुढे काढून उभे होते. एकानं तर कानाला हात लावला होता. आतापर्यंत तो रस्सा देल्फिननं चोरला होता, आता स्पीकर लागला की सगळ्या गावाचा झाला असता, आणि तोही तिच्याच आवाजात, तिच्याच परवानगीनं.

"थांब!" सालुद ओरडली.

रेनानचा हात थांबला. "पण मॅम, ओळखलं नाही तर पुसणार कसं?"

"मी ऐकतो," देल्फिन म्हणाला. "मला तर सगळं माहीतच आहे."

"तू एकदा जेवलास ना माझ्या ताटातलं? पुरे तेवढं." सालुदनं काळा चष्मा काढला. तिचे डोळे लाल होते, पण आता स्वच्छ होते. "मला या गारठ्यात धड ऐकूही येत नाही. कानाला लावायचं ते आहे का तुमच्याकडे?"

रेनाननं हेडफोन दिला. तिनं तो घेतला, आणि स्वतःच्या नाही, माझ्या डोक्यावर चढवला. केस नीट मागे केले, जसे पूर्वी मी रोज कामावर बसताना करायचे.

"हिला ऐकव."

"यांनाच का, मॅम?"

"कारण हिच्या कानात गेलेलं बाहेर येत नाही," सालुद म्हणाली. बाजारात बोट रोखून बोलली होती त्याच आवाजात, त्याच माणसांच्या देखत. "साऱ्या इलोइलोला माहीत आहे. एक मीच मेली विसरले होते."

खाटकाच्या बायकोनं मान खाली घातली. मी हेडफोन कानांवर नीट बसवला. रेनाननं बटण दाबलं.

किती वर्षांनी कानांवर तो मऊ दाब आला! पहिला कॉल कुणा पुरुषाचा होता, मी मान हलवली. दुसरा एका बाईचा. आणि मग ओळखीची गर्जना, "माझी तक्रार तेवढी जपून ठेव!" मी हात वर केला. टक्‌. गिटार कुठंच नव्हती. फक्त सालुदचं स्वयंपाकघर. टॉवेलखाली पंख फडफडवणारा पोपट, भांड्यांचा आवाज, तिचा आवाज, मध्येच माझे बावळट प्रश्न. भाजायचं ते, घालायचं ते, न घालायचं ते. पाद्री. कोंबडीवाल्याचा भोंगा. माझी खुर्ची सरकली, मी खिडकीकडे गेले.

आणि तिथं, मी खिडकी लावत होते तेवढ्या वेळात, सालुद बोलली. हळू आवाजात. भिंतीवरच्या मेरीमातेशी बोलली असावी. ऑपरेशनबद्दल, आणि माझ्याबद्दल. मग खिडकी लागली आणि मी परत आले.

मी हेडफोन काढला. "हाच," म्हटलं.

त्यानंतरचं भराभर झालं. आमच्या समोर रेनाननं तो कॉल ट्रेनिंगमधून काढला आणि आणखी कुठं कुठं गेला ते शोधून पुसायचं लिहून दिलं. होल्डवर असतानाही आवाज रेकॉर्ड होतो हे सुरुवातीलाच सांगायला हवं, मुळात व्हायलाच नको, हे आपण वरती कळवू म्हणाला. देल्फिननं त्यावर तारीख घालून घेतली. कागावाद शेवटी. पुसायच्या आधी रेनाननं विचारलं, "तुम्हाला प्रत हवी आहे का, मॅम? तुमचा हक्क आहे."

"हवी तर!" सालुद म्हणाली. "पोरींना सांगायला पुन्हा कोण घसा कोरडा करणार?" प्रत भरून दिलेली अंगठ्याएवढी ती वस्तू तिनं हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि माझ्या पिशवीत टाकली. "तुझ्याकडे राहू दे. माझ्याकडे हरवेल."

परतताना जीपनीत गाणी सुरू झाली. देल्फिन दांडीला लोंबकळत म्हणाला, "मानांग, उद्यापासून माझ्या आईचाच रस्सा. तसंही जुनी गिऱ्हाइकं कुरकुर करत होती, देल्फिन, यात तुझी आई नाही म्हणून."

"नव्हतीच. माझी होती," सालुद म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुझ्या आईचा गोडच बरा. तिच्या हाताला साखर होती."

पूल आला, सगळे किंचाळले. त्या गोंगाटात ती माझ्या कानाशी वाकली.

"सगळं ऐकलंस?"

"ऐकलं."

"तू खिडकी लावायला गेलीस तेव्हा... मी काय बोलले होते गं?"

मी बाहेर पाहिलं. नदीवर ऊन चमकत होतं.

"काही कळलं नाही मानांग. खरखर फार होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. नव्या डोळ्यांनी तिला बरंच दिसत असावं.

"हल्लीच्या मशीनला खरखर नसते म्हणतात," ती म्हणाली.

"याला होती."

"बरं," सालुद म्हणाली. झग्याच्या खिशातून किल्ल्या काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. "उद्या पातेलं तूच चढव. मला डोळ्यांत थेंब घालायचेत. आणि मीठ बघून घाल, आज सगळ्या बाजारात बोंब झालीय."